पावणेतीनचे हात

काकांनी गाडीचं दार उघडलं, स्टिअरिंगकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हे बघ, संपलं हे. उसव आणि नवीन शिव."

मी वाकून आत पाहिलं. जर्मन बनावटीची दोन दारांची गाडी, मागची सीट नावालाच. आतून सगळी काळी. छत, दारांच्या आतल्या बाजू, सीटांचा मधला पट्टा आणि स्टिअरिंग, सगळ्यावर स्वेडसारखं मऊ कापड. छत काल लावल्यासारखं दिसत होतं. स्टिअरिंग मात्र तुकतुकीत झालेलं. घड्याळात पावणेतीन वाजले की काटे जिथे असतात तिथे चालवणाऱ्याचे हात असावेत, असं गाडी नीट शिकवणारे सांगतात. काका तसेच शिकलेले. त्या दोन जागा जुन्या चपलेवर अंगठ्याचा ठसा उमटतो तशा चकाकत होत्या.

मी तर्जनी लवेच्या उलट्या दिशेने फिरवली. लव उठली नाही, पण बोटाला ओशट लागलं. ओशट लागलं की मला हायसं वाटतं. खरोखर झिजलेलं कापड बोटाला कोरडं लागतं आणि खालचा टणक थर नखाला जाणवतो.

"काका, हे झिजलं नाहीये. मळलंय."

"मळलंय? अरे, गाडी दर रविवारी पुसतो मी."

"स्टिअरिंग पण?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली.

गेली चौदा वर्षं मी ठाण्यात गाड्यांच्या आतल्या कामाचं दुकान चालवतोय. सीटा, छतं, दारांची पॅडं, स्टिअरिंगं. त्यात स्पोर्ट्‌स कार कमी, पण येतात, आणि आल्या की बहुतेकदा हेच वाक्य घेऊन येतात: स्वेड संपलं, टिकत नाही हे, नवीन घाल. दरवेळी मी बोट फिरवतो आणि बहुतेक वेळा बोटाला ओशट लागतं. लोक मळण्याला झिजणं समजतात, आणि त्यापायी धडधाकट वस्तू फाडून टाकायला निघतात. मला याचं फार वाईट वाटतं.

वाईट वाटण्याचं मूळ बाबांत आहे. बाबा लालबागला टॅक्सीच्या सीटांची कामं करायचे. तेव्हा टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, जिला सगळे फियाटच म्हणत. स्प्रिंगा, काथ्या, वर रेक्झिन. टॅक्सीवाला सकाळी आला की दुपारी त्याला धंद्यावर जायचं असे, म्हणून काम झटपट लागे. तरी बाबांचा एक नियम होता: आधी पुसायचं, मग उसवायचं. रॉकेलमध्ये बुडवलेला बोळा घेऊन ते रेक्झिनचा एक कोपरा पुसून पाहायचे. खालून रंग निघाला, तर "हे अजून पाच वर्षं जाईल, नुसती शिवण मारून देतो" म्हणत आणि चौथा हिस्सा पैसे घेत. आई यावरून चिडायची. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीला मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी गेल्या, त्या दिवशी मला सगळ्यात आधी तो रॉकेलचा वास आठवला.

रेक्झिन पुसणं सोपं. स्वेडचं तसं नाही, कारण स्वेड म्हणून आपण जे म्हणतो त्या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

एक खरं स्वेड. म्हणजे कातडंच. स्वीडनहून येणाऱ्या मऊ हातमोज्यांना फ्रेंच लोक 'स्वीडनचे हातमोजे' म्हणत, त्यातलं देशाचं नाव पुढे त्या चामड्यालाच चिकटलं. कातड्याची आतली, मांसाकडची बाजू घासून घासून तिच्यावर लव आणतात, ते स्वेड. बाहेरची, केसांकडची बाजू हलकेच घासली तर ते न्युबक. बाहेरचा दाट थर ही कातड्याची ढाल असते. स्वेडच्या वरच्या बाजूला तो नसतो, त्यामुळे ते मऊ लागतं आणि त्यामुळेच पाणी, तेल, घाम जे मिळेल ते पिऊन टाकतं.

दुसरी वस्तू कातड्याशी काडीचाही संबंध नसलेली. १९७० साली जपानच्या तोरे कंपनीतले शास्त्रज्ञ मियोशी ओकामोतो यांनी ती शोधली. त्यांची युक्ती मला अजूनही थक्क करते. त्यांनी एका धाग्यात दोन प्रकारचं प्लास्टिक असं काढलं की एकाचा समुद्र आणि त्यात दुसऱ्याची कितीतरी बेटं. मग रसायनाने समुद्र विरघळवून टाकला. उरली फक्त बेटं, म्हणजे इतके बारीक तंतू की आपल्या डोक्याचा केस ७०-८० मायक्रॉन जाड धरला तर हे जेमतेम ३-४ मायक्रॉन. समुद्र विरघळवण्याआधीच हे धागे काटेरी सुयांनी टोचून टोचून एकमेकांत गुंतवलेले असतात. मग ते पॉलियुरेथेन नावाच्या लवचिक प्लास्टिकने बांधतात, तयार झालेला जाड पट्टा पावाच्या स्लाइससारखा आडवा चिरतात आणि घासून वर लव आणतात. जपानमध्ये ते एक्सेन नावाने निघालं, अमेरिकेत अल्ट्रास्वेड झालं. १९७२ मध्ये तोरेने इटलीच्या सरकारी तेल कंपनीबरोबर, एनीबरोबर, भागीदारी केली. उंब्रिया प्रांतात नेरा मोंतोरो इथे कारखाना उभा राहिला आणि तिथून निघालेल्या मालाला नाव मिळालं अल्कान्टारा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ पूल. साधारण ६८ टक्के पॉलिएस्टर, ३२ टक्के पॉलियुरेथेन. आज कंपनीतून येणाऱ्या स्पोर्ट्‌स कारच्या आत जे 'स्वेड' असतं ते बहुतांशी हे किंवा याच जातीचं दुसरं कापड. पोर्शे आपल्या कापडाला रेस-टेक्स म्हणते. मागाहून बसवायची, मोटार-रॅलीच्या शर्यतींतल्या थाटाची खोलगट स्टिअरिंगं मात्र बरेचदा खऱ्या स्वेडची असतात.

हा फरक मी पैसे मोजून शिकलो. दुकान सुरू करून दोन वर्षं झाली असतील. कॉलेज नुकतं संपवलेल्या एका मुलाने आपल्या छोट्या गाडीला असंच खोलगट स्टिअरिंग लावलं होतं. पहिल्या पगारातून घेतलेलं. काळं, मळून चिकट झालेलं. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी एक अल्कान्टाराचं छत सौम्य साबणाच्या पाण्याने स्वच्छ केलं होतं आणि ते सुरेख निघालं होतं. त्याच भरात मी हे स्टिअरिंगही तसंच धुतलं. दोन दिवसांनी ते वाळलं तेव्हा पापडासारखं कडक झालं होतं. रंग कुठे काळा, कुठे तपकिरी, कुठे पाणी थांबलं होतं तिथे कड्या. बाबा तेव्हा होते. त्यांनी ते हातात घेतलं, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "हे कातडं आहे रे." ते दुकानातच होते, मी आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्या मुलाला मी नवं स्टिअरिंग घेऊन दिलं. जुनं अजून माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेलं आहे, आणि कुठलंही स्वेडचं काम हातात घेण्याआधी माझी नजर एकदा तिकडे जाते.

आता मी आधी कापडाची कापलेली कड शोधतो. स्टिअरिंगच्या आऱ्यांपाशी, जिथे ते दुमडून आत कोंबलेलं असतं, तिथे ती सापडते. कातड्याची कड तंतुमय आणि विस्कळीत असते, रंग आतपर्यंत एकसारखा नसतो. अल्कान्टाराची कड ब्लेडने कापलेल्या नमद्यासारखी सरळ. खरं स्वेड असेल तर पाणी दूर ठेवायचं. कोरडा ब्रश, डागावर स्वेडसाठी मिळणारा खोडरबर, आणि धीर. त्यापलीकडे फार काही करता येत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकावं.

शर्यतीच्या गाडीत हे कापड आलं त्याला कारणं आहेत, नुसती हौस नाही. गुळगुळीत चामडं उन्हात तापतं, घामाने निसरडं होतं. वळणावर शरीर बाजूला फेकलं जातं तेव्हा लव माणसाला धरून ठेवते. डॅशबोर्डवर ते लावलं की काचेत प्रतिबिंब पडत नाही, उन्हात समोरचा रस्ता स्वच्छ दिसतो. वजनही कमी. १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं इटलीच्या लान्सिया कंपनीने डेल्टा या गाडीच्या जोरावर रॅलीचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं. त्याच गाडीची रस्त्यावर चालवायची आवृत्ती म्हणजे इंटेग्राले, आणि तिच्यात रेकारो कंपनीच्या सीटांवर अल्कान्टारा असे. मला वाटतं तिथूनच अनेकांच्या मनात हे कापड आणि वेग यांची गाठ पडली.

पण शर्यतीतल्या माणसाच्या हातात मोजे असतात. ही एक गोष्ट आपण विसरतो. मोज्याचा तळवा लवेला घासतो, तेल नाही, घाम नाही. घरून निघालेला माणूस उघड्या हातांनी बसतो. आपल्या तळव्यांना घाम येतो, बोटांना चेहऱ्याचं, केसांचं, खाण्याचं तेल लागलेलं असतं. ३-४ मायक्रॉनच्या तंतूंचं रान हे तेल दिव्याच्या वातीसारखं ओढून घेतं. तेलावर धूळ बसते. वर तळव्याचा दाब. तंतू एकमेकांना चिकटून आडवे पडतात आणि चकाकी येते. कापड जिथल्या तिथे असतं, फक्त झोपलेलं असतं.

आणि आपल्याकडचं तेल म्हणजे खोबरेल. काकांच्या गाडीत डाव्या सीटच्या डोकं टेकायच्या जागी एक अंडाकृती काळपट डाग होता. मी त्यावर बोट ठेवलं तेव्हा काकू स्वतःच म्हणाल्या, "तो माझा. रविवारी न्हायचं असतं ना, म्हणून शनिवारी रात्री तेल लावते आणि पहाटे हे मला लोणावळ्याला घेऊन जातात." त्यांच्या आवाजात अपराधीपणा होता. मी म्हटलं, काकू, तेल निघतं, काळजी करू नका. डोक्याला स्कार्फ बांधलात किंवा तिथे एक सुती रुमाल टाकलात तरी पुरे.

करोनानंतर आणखी एक वैरी आला, सॅनिटायझर. लोकांना वाटतं स्पिरिट उडून गेलं की संपलं. पण हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात. ते उडत नाही, ते लवेत बसतं. ओल्या सॅनिटायझरच्या हाताने लगेच स्टिअरिंग धरणं हे खोबरेलाइतकंच वाईट. उन्हापासून वाचवायचं क्रीमही तसंच.

दसरा-पाडव्यानंतरच्या आठवड्यात मला दरवर्षी एखादा तरी फोन येतो. नवी गाडी, पूजा झाली, स्टिअरिंगवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलंय. ते काढणाऱ्या हातात किती आनंद असतो हे मला माहीत आहे, त्यामुळे मी कधीही 'कशाला काढलं' म्हणत नाही. वाळू द्या म्हणतो. ओलं असताना चोळलं की ते आतच जातं. वाळलं की नुसतं झटकायचं, व्हॅक्यूमच्या नळीने ओढून घ्यायचं, मग घट्ट पिळलेल्या पांढऱ्या सुती कापडाने टिपायचं. हळदीचा डाग असेल तर साबण लावताच तो लालभडक होतो आणि माणूस घाबरून आणखी घासतो. क्षार लागला की हळद लाल होतेच. त्याने नुकसान झालेलं नसतं. साध्या पाण्याने टिपत राहावं. मागे उरलेला पिवळेपणा उजेडात हळूहळू उडतो, कारण हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. पुढच्या वेळी स्वस्तिक बॉनेटवर काढा, एवढंच मी सुचवतो, आणि स्टिअरिंगवर एक अक्षता ठेवा.

पावसाळ्याचं दुखणं निराळं. आपल्याकडे जुलैत गाडी कव्हर घालून, काचा गच्च लावून महिनाभर उभी ठेवली तर आत बुरशी येते. खऱ्या स्वेडला ती फार लवकर धरते, कारण कातड्यात तिचं अन्नच असतं. अल्कान्टारावर ती कापड खात नाही, पण त्यावरचा घाम, मळ, सांडलेला चहा खाते. म्हणजे पावसाळ्याआधी आतून स्वच्छ केलेली गाडी बरीचशी सुरक्षित. आठवड्यातून एकदा अर्धा तास एसी लावून गाडी फिरवून आणावी. एसी हवेतलं पाणी काढतो, नुसती काच खाली करून पावसाळी हवा आत घेण्यापेक्षा हे बरं. आणि दमट, उष्ण हवेत पॉलियुरेथेन स्वतःही हळूहळू तुटतं. कपाटात ठेवलेल्या बुटांचे तळवे न वापरताच चुरा होतात ते यामुळेच. जुन्या गाड्यांचं छत लोंबतं तेव्हाही बहुतेकदा वरचं कापड धड असतं, त्यामागचा फोम पिठासारखा झालेला असतो. तेव्हा छत लोंबलं म्हणून कापडाला दोष देऊ नका. उन्हाचंही तेच. दुपारच्या उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास जातो, आणि वर्षानुवर्षं हे झालं की काळा रंग तपकिरी, जांभळट होत जातो. हे मळणं नाही, रंग गेलेला असतो, आणि तो कुठल्याही साबणाने परत येत नाही. काचेमागे लावायचा साधा घडीचा पडदा इथे सगळ्यात उपयोगी.

काकांची गाडी मी तीन दिवसांसाठी ठेवून घेतली. श्रावण होता, वाळायला वेळ लागणार होता.

पहिला दिवस नुसता कोरडा. दिवा बाजूने तिरका लावला, कारण समोरून उजेड पडला की लव दिसत नाही. घोड्याच्या केसांच्या मऊ ब्रशने एका दिशेने, मग उलट दिशेने, आणि मागोमाग व्हॅक्यूम. हे कापड बनवणारेही हेच सांगतात, रोजची धूळ रोज काढा. बहुतेक जण इथेच चुकतात, ते थेट फवारा हातात घेतात. धूळ असताना ओलं केलं की तिचा चिखल होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओलं काम. फवारा स्टिअरिंगवर मारायचा नाही, ब्रशवर मारायचा. स्टिअरिंगच्या पोटात तारा आहेत, एअरबॅग आहे, कापडाखाली गोंद आहे, तिथे पाणी उतरता कामा नये. एका वेळी चार बोटं रुंद जागा. हलक्या हाताने गोल, गोल. काकांचा उजवा हात जिथे असतो तिथून मी सुरुवात केली. पहिल्या मिनिटाला काहीच झालं नाही, ब्रश नुसता घसरत राहिला. मग फेस आला, आणि तो पांढरा नव्हता, टपरीवरच्या चहाच्या रंगाचा होता. पांढऱ्या सुती कापडाने टिपला. कापड पांढरंच हवं, छापील नको, नाहीतर त्याचाच रंग उतरतो आणि मळ किती निघाला तेही कळत नाही. पुन्हा ब्रश, पुन्हा फेस, पुन्हा कापड. मी वापरलेली कापडं टेबलावर ओळीने मांडत गेलो. पहिलं तपकिरी, तिसरं पिवळट, सहावं राखाडी, आठवं जवळजवळ पांढरं. आठव्यावर थांबलो. नवव्याचा मोह होतो, पण प्रत्येक घासण्यात थोडे तंतूही तुटतात.

दुपारी पंखा लावून ठेवला. केस वाळवायचं यंत्र लावायचं नाही, गरम हवेने तंतू आक्रसतात आणि गोंद सुटतो. रात्रभर तसंच. तिसऱ्या दिवशी सकाळी ते हाताला किंचित दमट होतं, तेव्हा मी शेवटचा ब्रश फिरवला, खालून वर. आणि लव उठली. पुस्तकांत वगैरे काय लिहितात मला माहीत नाही, पण हा क्षण मला प्रत्येक वेळी तितकाच भारी वाटतो. झोपलेलं शेत वाऱ्याने उभं राहावं तसं काळं, मंद, चकाकी नसलेलं कापड वर येतं. बोट एका बाजूने फिरवलं की गडद, दुसऱ्या बाजूने फिकट. कुणी त्यावर नाव लिहावं इतकं जिवंत.

सीटच्या बाहेरच्या कडेला, काका उतरताना जिथे पँट घासते तिथे, गोळे आले होते. स्वेटरला येतात तसे. ते ओढायचे नसतात, ओढले की मुळापासून तंतू निघतो. गोळे काढायचं बॅटरीवरचं छोटं यंत्र टेकवून न टेकवल्यासारखं फिरवलं. काकूंचा अंडाकृती डागही गेला, तीन कापडांत.

पण पावणेतीनच्या जागी, म्हणजे दोन्ही बाजूंना, अंगठा जिथे आतून टेकतो तिथे, रुपयाच्या नाण्याएवढी जागा उठली नाही. मी पुन्हा दिवा तिरका केला. बोट फिरवलं. कोरडं. नखाला खालचा थर लागला. तिथे मळ नव्हता, तिथे लवच नव्हती. काकांच्या अंगठ्यांनी दहा वर्षांत ती नेली होती. ही खरी झीज, आणि हिच्यावर ब्रश, साबण, फवारा कशाचाही उपाय नाही. एखादा कारागीर रंग लावून ती झाकेल. मी तसं करत नाही, महिन्याभरात तो रंग तळव्याला लागतो.

संध्याकाळी काका-काकू गाडी न्यायला आले. काकांनी आत बसून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांना ती नाण्याएवढी जागा सापडली. अंगठा बरोबर तिथेच गेला होता, जायचाच.

"हे?"

"हे झिजलंय काका. हे मात्र खरंच झिजलंय. यासाठी उसवायचं असेल तर सांगा, पुढच्या आठवड्यात करून देतो. दोन्ही बाजूंना तेवढ्यापुरतं साधं चामडं आणि वर-खाली हेच कापड, असंही शिवता येतं. टिकायला ते जास्त बरं."

हे मी मनापासून सांगितलं. माझं मत विचाराल तर आपल्या हवेत, उघड्या हातांनी, रोज चालवायच्या गाडीला पूर्ण स्वेडचं स्टिअरिंग घेऊच नये. छताला घ्या, डॅशबोर्डला घ्या, दारांना घ्या, तिथे ते वीस वर्षं शोभा देईल. स्टिअरिंगला घेणार असाल तर दर पंधरा दिवसांनी कोरडा ब्रश आणि दर दोन-तीन महिन्यांनी ओलं कापड, एवढं करायची तयारी हवी. तेल न धरणारे लेपही मिळतात. मी ते सीटांना लावतो, स्टिअरिंगला लावत नाही, कारण लेपानंतर हाताला ते कापड कापड लागत नाही, आणि ज्यासाठी घेतलं तेच गेलं. आणि काहीही झालं तरी डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉनचा फवारा याच्या जवळ नेऊ नये. एका गिऱ्हाइकाची गाडी कुठेतरी धुवायला दिली होती, तिथल्या पोराने उत्साहाने सगळ्या डॅशबोर्डवर तो मारला. त्या पोराची चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण ते कापड मला दोन बैठकांत अर्धंच परत आणता आलं.

काकांनी अंगठा तिथून उचलला, पुन्हा ठेवला.

"राहू दे," म्हणाले. "माझ्याच अंगठ्याची जागा आहे ती."

पुढच्या रविवारी मी पहाटे साडेचारला त्यांच्या सोसायटीत पोचलो. डाव्या सीटची एक शिवण मला हलत्या गाडीत, वजन असताना पाहायची होती, म्हणून काकांनी पहिल्या फेरीला मलाच बरोबर यायला सांगितलं होतं. काकू खाली आल्या होत्या, डोक्याला सुती स्कार्फ, हातात थर्मास. पाऊस थांबला होता. पार्किंगच्या कोपऱ्यात गाड्या धुवायचा नळ आहे, त्याच्या कट्ट्यावर साबणाची वडी ठेवलेली होती आणि खिळ्याला पांढरा पंचा. काकांनी बाह्या मागे सारल्या, बोटातली अंगठी काढून खिशात टाकली आणि हात धुतले. तळवे, बोटांच्या फटी, अंगठे. चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये धुतले तसे, घाई न करता. पंचाला पुसले, उजेडात उलटेसुलटे करून पाहिले.

मग नळ चालू ठेवूनच बाजूला सरकले.

"ये," म्हणाले, "तूही धू."